बिनपगारी तयारी

पदवीच्या शेवटच्या वर्षात शिकणाऱ्या मुलाला वा मुलीला ‘सध्या काय चालले आहे?’ असे विचारावे, तर ‘शिकतो आहे’ हे उत्तर आता क्वचितच ऐकू येते. ‘तयारी चालू आहे’ असे सांगितले जाते. कशाची, हे सांगण्याची गरज त्याला वाटत नाही आणि विचारणाऱ्यालाही विचारावेसे वाटत नाही. तयारी म्हणजे नोकरीची तयारी. एका पिढीपूर्वी नोकरी हे शिक्षणानंतरचे पाऊल होते. आज शिक्षण, झोप, प्रवास आणि मैत्री हे सारेच नोकरीपूर्वीच्या एका लांबलचक रांगेचे भाग होऊन बसले आहेत. या रांगेत उभे राहण्याचा मोबदला कोणी देत नाही. उलट उभे राहणाऱ्याकडूनच भाडे वसूल केले जाते. हिला ‘निकोप स्पर्धा’ असे नाव देण्याची पद्धत आहे. वस्तुतः ही बिनपगारी कामगिरी आहे. तिचा खर्च कोण सोसतो आणि लाभ कोण घेतो, हा प्रश्न समाजवाद्यांनी विचारावयाचा नाही, तर कोणी विचारावयाचा?

वसाहतीतील एक दिवस

वांद्रे पूर्वेची शासकीय वसाहत हा प्रश्न पाहण्यास सोयीचे ठिकाण आहे. एका बाजूस रेल्वे स्थानक; वसाहतीच्या अंगालाच चेतना महाविद्यालय आणि मुंबई उपनगर जिल्ह्याच्या जिल्हाधिकाऱ्यांचे कार्यालय; जवळच म्हाडाचे गृहनिर्माण भवन; आणि कलानगर ओलांडले की वांद्रे-कुर्ला संकुलातील काचेच्या इमारती. शासन, शिक्षण आणि भांडवल हे तिघे येथे एकमेकांपासून पायी जाण्याच्या अंतरावर नांदतात. या तिघांच्या मधल्या जागेत वसाहतीतील तरुणाई वाढते.

चतुर्थ श्रेणी कर्मचाऱ्याची वाणिज्य शाखेत शिकणारी मुलगी डोळ्यांसमोर आणावी. ही कोणी एक विशिष्ट व्यक्ती नव्हे. थोड्याफार फरकाने ती शेकडो घरांत आढळेल. सकाळी सातचे तास, दुपारी एखाद्या कार्यालयात फोनवरून गिऱ्हाईक शोधण्याचे अर्धवेळ काम किंवा दोन घरच्या शिकवण्या, संध्याकाळी अभ्यासिका, रात्री मोबाइलवर सराव परीक्षा. बँकेची परीक्षा, रेल्वेची परीक्षा, सरळसेवा भरती, लोकसेवा आयोग, आणि यांपैकी काहीच जमले नाही तर संकुलातील एखाद्या कंपनीत मुलाखत, या पाचही दिशांना तिची तयारी एकाच वेळी चालते. मुलाखतीसाठी इंग्रजी बोलण्याचा वर्ग, संगणकावरील हिशेबाचा वर्ग, बऱ्यापैकी कपड्यांचा एक जोड. यांतले कोणतेही एक ओझे फार मोठे नसते. परंतु एका माणसाच्या पगारावर चालणाऱ्या घरात या साऱ्याची बेरीज दर महिन्याला किराण्याच्या शेजारी येऊन बसते.

अशा मुलीच्या मनात रात्री दिवा मालवताना तीन विचार हमखास येतात. पहिला: ‘आपल्यात नेमके काय कमी आहे?’ दुसरा: ‘वडील दहावी होऊन कायम नोकरीत लागले, आपण पदवी घेऊनही का नाही?’ तिसरा, सर्वांत टोचणारा: ‘हे किती दिवस चालायचे?’ कारण वसाहतीतील घर हे नोकरीचे घर असते. वडील निवृत्त झाले की ते रिकामे करावे लागते. तिच्या तयारीला म्हणूनच एक अंतिम तारीख आहे आणि ती कोणत्याही परीक्षा मंडळाने ठरवलेली नाही. त्या तारखेच्या आत कायम पगार घरात आला नाही, तर हे कुटुंब वांद्र्यातून उठून विरार, बदलापूर किंवा त्याही पलीकडे जाणार, हे आईवडील बोलून दाखवत नाहीत. पण सर्वांना ठाऊक असते.

या तीन विचारांपैकी पहिला विचार खोटा आहे, आणि तोच सर्वांत आधी मनात येतो. त्यामुळे उरलेले दोन खरे प्रश्न दबून राहतात. तो तिच्या मनात कोणी पेरला, हे पाहणे अगत्याचे आहे.

‘कौशल्य नाही’ हा कांगावा

उद्योगपतींच्या परिषदा, मंत्र्यांची भाषणे आणि वर्तमानपत्रांच्या रविवार पुरवण्या गेली वीस वर्षे एकच पाढा म्हणत आहेत: नोकऱ्या आहेत, पण लायक माणसे नाहीत, पदवीधर ‘रोजगारक्षम’ नाहीत. हे म्हणणे वस्तुस्थितीच्या कसोटीवर घासून पाहावे.

वांद्र्याला लागूनच असलेल्या कलिना येथे जुलै २०२४ मध्ये विमानतळावर सामान चढविण्या-उतरविण्याच्या व तत्सम कामांसाठी भरती झाली. जागा सुमारे २,२०० होत्या आणि आलेले तरुण २५ हजारांच्या घरात होते. गर्दी आवरेना तेव्हा अर्ज ठेवून परत जाण्यास त्यांना सांगण्यात आले. पेट्या उचलण्याच्या कामासाठी आलेल्या त्या पदवीधरांत कोणत्या कौशल्याची उणीव होती? त्याच वर्षी राज्याच्या पोलीस भरतीत १७,४७१ जागांसाठी १७ लाखांहून अधिक अर्ज आले. म्हणजे दर जागेमागे शंभराच्या आसपास. त्याआधी २०२३ च्या तलाठी भरतीत ४,६४४ जागांसाठी दहा लाखांहून अधिक अर्ज आले होते. दर जागेमागे दोनशेहून अधिक. शंभरांपैकी नव्व्याण्णव मुले परत जातात, ती नालायक म्हणून जात नाहीत. जागा एकच असते म्हणून जातात. त्या शंभरांना उद्या द्विगुणित कौशल्य दिले, तरी परत जाणाऱ्यांची संख्या नव्व्याण्णवच राहील. आडात नाही ते पोहऱ्यात कोठून येणार?

संध्याकाळी वांद्रे वा दादर स्थानकावर एक दृश्य रोज दिसते. विरारकडे जावयाचे असलेले प्रवासी प्रथम उलट्या दिशेने चर्चगेटला जातात, कारण तेथून सुटणाऱ्या गाडीत त्यांना बसावयास जागा मिळते. एकाने असे केले तर त्याचे साधते. सर्वांनी केले तर सर्वांचाच अर्धा तास अधिक जातो, आणि गाडीतील बाके मात्र होती तेवढीच राहतात. नोकरीच्या तयारीचे अर्थशास्त्र हेच आहे. पदवी सर्वांजवळ आली की पदव्युत्तर पदवी हवी. ती आली की प्रमाणपत्रे हवीत. ती आली की अनुभव हवा. प्रत्येक जण शहाणपणाने वागतो आणि सारे मिळून अधिक थकतात. बाके वाढविण्याची जबाबदारी ज्यांची, ते मात्र प्रवाशांना लवकर उठण्याचा उपदेश करतात.

कौशल्याची टंचाई खरी असती, तर अर्थशास्त्राच्या प्राथमिक नियमाप्रमाणे कुशलांचे वेतन भराभर वाढले असते आणि शिकलेल्यांमध्ये बेकारी कमी दिसली असती. आंतरराष्ट्रीय श्रमसंघटना आणि दिल्लीची मानव विकास संस्था यांचा २०२४ चा भारतविषयक रोजगार अहवाल याच्या नेमके उलट सांगतो. २०२२ मध्ये लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांत बेकारीचे प्रमाण ३.४ टक्के होते. पदवीधर तरुणांत ते २९.१ टक्के होते. निरक्षर तरुण सुखात आहे, असा याचा अर्थ नव्हे. त्याला बेकार राहणेच परवडत नाही. मिळेल ते काम मिळेल त्या मजुरीवर त्याला करावे लागते. पदवीधराला घर काही काळ पोसते, म्हणून तो वाट पाहतो, आणि त्या वाट पाहण्यालाच तयारी हे नाव मिळते. हे प्रमाण शिक्षणाच्या अपयशाहून अधिक अर्थव्यवस्थेच्या अपयशाची साक्ष देते. तिच्यातून माणसाला शोभेल असे काम पुरेसे निघत नाही. असे असता वर्गांवर वर्ग उघडणे म्हणजे रोग रेड्याला आणि औषध पखालीला.

शिकवणीचा खर्च कोणाच्या माथी?

कामगार शिकवून तयार करण्याला खर्च येतो. प्रश्न असा, की तो कोणी उचलावयाचा? रेल्वे, टपाल खाते, राष्ट्रीयीकृत बँका, आयुर्विमा महामंडळ यांनी माणूस आधी घेतला आणि पगार देऊन मग शिकवला. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार अधिनियमाने खाजगी कारखानदारांवरही शिकाऊ उमेदवार घेण्याचे व त्यांना विद्यावेतन देण्याचे बंधन घातले. तो कायदा निर्दोष नव्हता. शिकाऊ उमेदवार हा कामगार नव्हे, असे त्यात लिहिलेलेच आहे. तरीही ज्याला माणूस हवा त्याने शिकविण्याचा भार उचलावा, एवढे तत्त्व त्यात होते.

आज ते तत्त्व उलटे झाले आहे. २०२४ मध्ये केंद्राने पंतप्रधान इंटर्नशिप योजना जाहीर केली. देशातील ५०० बड्या कंपन्यांत पाच वर्षांत एक कोटी तरुणांना वर्षभराची उमेदवारी, महिना ५,००० रुपये. त्यांतले ४,५०० रुपये सरकारचे आणि ५०० कंपनीचे, तेही सामाजिक दायित्वाच्या निधीतून. त्याच वर्षी राज्याने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. बारावी झालेल्यास ६,०००, आयटीआय वा पदविकाधारकास ८,००० आणि पदवीधरास १०,००० रुपये; सारे शासनाच्या तिजोरीतून, मग उमेदवार खाजगी आस्थापनेत राबत असला तरी. मुंबईतील दुकाने व आस्थापनांतील अकुशल कामगाराच्या किमान वेतनाहूनही ही रक्कम कमी आहे. मुदत सहा महिन्यांची होती, ती पुढे अकरा महिन्यांवर नेण्यात आली आणि मग उमेदवार पुन्हा रस्त्यावर. अकरा महिने ज्यांनी कार्यालये सांभाळली, त्या प्रशिक्षणार्थ्यांनी ‘आम्हाला सेवेत घ्या’ म्हणून मोर्चे काढले तेव्हा त्यांना योजनेचे नाव वाचून दाखविण्यात आले: हे प्रशिक्षण होते, नोकरी नव्हती.

शब्दांची ही चलाखी नीट पाहण्यासारखी आहे. अंगणवाडी सेविकेला मिळते ते ‘मानधन’. शिकाऊ उमेदवाराला मिळते ते ‘विद्यावेतन’. इंटर्नला मिळते ते ‘साहाय्य’. घरोघर माल पोचविणारा तरुण हा ‘भागीदार’. ‘वेतन’ हा एक शब्द तेवढा टाळावयाचा असतो, कारण वेतन म्हटले की किमान वेतन आले, भविष्य निर्वाह निधी आला, संघटना आली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या चार श्रमसंहितांनी ठराविक मुदतीच्या नेमणुकीला सर्व धंद्यांत कायद्याचे छत्र दिले. कायम कामासाठी कायम माणूस, हे जुने तत्त्व आता कायद्याच्या पुस्तकातही अंग चोरून उभे आहे.

महाविद्यालयेही या व्यवस्थेत ओढली गेली आहेत. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार आखलेल्या पदवीच्या नव्या आराखड्यात प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणच्या प्रशिक्षणाला श्रेयांक ठेवले आहेत. काम पाहून शिकावे, यात वावगे काहीच नाही. गांधीजींच्या नयी तालीममध्येही हातांना स्थान होते. परंतु ज्या विद्यार्थ्याचे काका कंपनीत अधिकारी आहेत त्याला उत्तम जागी प्रशिक्षण मिळणार, आणि वसाहतीतील मुलीला छायाप्रती काढण्याचे काम फुकट करून श्रेयांक मिळवावे लागणार, हे न समजण्याइतके धोरणकर्ते भोळे आहेत काय? शिवाय ते तास तिच्या दुपारच्या मिळकतीतून वजा होणार, हा हिशेब कोणत्याही परिपत्रकात नाही.

आणि परीक्षाशुल्क? २०२३ च्या तलाठी भरतीत खुल्या प्रवर्गासाठी १,००० आणि राखीव प्रवर्गासाठी ९०० रुपये शुल्क होते. सर्वांचे कमी दराने धरले, तरी दहा लाख अर्जांचे नव्वद कोटी रुपये होतात. बेकारांकडून नव्वद कोटी, साडेचार हजार जागांसाठी! हीच मुले त्याच वर्षी आणखी चार परीक्षांचे शुल्क भरतात, परगावच्या केंद्रावर रात्रीच्या गाडीने जातात, आणि पेपर फुटल्याच्या वा निकाल लांबल्याच्या बातम्या पचवून पुन्हा सरावाला बसतात. बेकारीवर कर बसविण्याची याहून सुबक पद्धत कोणत्या अर्थमंत्र्याला सुचली असती?

वडिलांची नोकरी कोठे गेली?

त्या मुलीचा दुसरा प्रश्न खरा आहे आणि त्याला सरळ उत्तर आहे. वडिलांची नोकरी नाहीशी झालेली नाही. ती वाटून, कापून आणि कंत्राटावर देऊन टाकली आहे. वडिलांचे नाव सेवायोजन कार्यालयातून गेले होते. १९५९ च्या कायद्याने रिक्त जागा त्या कार्यालयास कळविणे मालकांवर बंधनकारक केले होते; मात्र तेथूनच माणूस घेण्याचे बंधन खाजगी मालकावर नव्हते, आणि त्या फटीतून सारा कायदा वाहून गेला. नव्या सामाजिक सुरक्षा संहितेत त्याचे ‘करिअर सेंटर’ झाले; फट जशीच्या तशी राहिली.

शासन स्वतः तरी काय करते? राज्य सेवेत दोन लाखांहून अधिक पदे रिक्त असताना २०२२ मध्ये स्वातंत्र्याच्या अमृतमहोत्सवानिमित्त ७५ हजार पदांची भरती जाहीर झाली, आणि लगेच २०२३ मध्ये नऊ खाजगी संस्थांमार्फत कंत्राटी मनुष्यबळ घेण्याचा शासन निर्णय निघाला. तरुणांच्या रोषापुढे ऑक्टोबर २०२३ मध्ये तो रद्द करावा लागला, हे विसरू नये. निर्णय रद्द झाला; वृत्ती मात्र शिल्लक आहे. कंत्राटदार माणूस नेमतो तेथे आरक्षणाची बिंदुनामावली लागत नाही. आज आरक्षणाच्या टक्क्यांवरून गावोगाव समाज समाजासमोर उभा केला जात आहे, आणि ज्या जागांचे टक्के काढावयाचे त्या जागाच गुपचूप फळ्यावरून पुसल्या जात आहेत. शून्याचे दहा टक्के काय आणि सत्तावीस टक्के काय?

मुंबईने हा खेळ पूर्वीही पाहिला आहे. १९६६ नंतर या शहरातील मराठी तरुणाच्या बेकारीचा राग शेजारच्या टेबलावरील दाक्षिणात्य कारकुनाकडे वळविण्यात आला, आणि पुढे दुसऱ्या प्रांतांतून आलेल्या श्रमिकांकडे. जागा कोणी घेतली, यावर शहर भांडत राहिले. जागा किती आहेत आणि कोणी कमी केल्या, हा प्रश्न कधी ऐरणीवर आला नाही. १९८२ च्या संपानंतर गिरण्या गेल्या आणि त्यांच्या जमिनींवर मनोरे उठले, तेव्हा गिरणी कामगाराच्या मुलाला मराठीपणाने नोकरी दिली नाही.

पोलिश अर्थशास्त्रज्ञ मिखाल कालेस्की यांनी १९४३ मध्येच दाखवून दिले होते, की पूर्ण रोजगार शक्य असूनही मालकवर्ग त्याला विरोध करतो. कारण काढून टाकण्याची भीती गेली की कारखान्यातली शिस्त जाते. वांद्रे-कुर्ला संकुलाच्या दाराशी उभी असलेली तयारीवाल्या तरुणांची रांग हे काम चोख बजावते. आतला माणूस बारा तास मुकाट्याने काम करतो, कारण खिडकीतून त्याला बाहेरची रांग दिसते. या तरुणांची तयारी अशा रीतीने आतल्या कामगाराच्या विरोधात वापरली जाते, आणि याचा पत्ता दोघांनाही नसतो.

तक्रारीपासून मागणीकडे

येथे चळवळीतील काही जुन्या कार्यकर्त्यांशीही दोन शब्द परखडपणे बोलावयास हवेत. शिबिरांतून एक खंत नेहमी व्यक्त होते: आजची मुले ‘करिअर’पलीकडे पाहत नाहीत, त्यांना विचारसरणी नको, ती सभेला येत नाहीत. सकाळी सहापासून रात्री अकरापर्यंत रांगेत उभ्या असलेल्या मुलीने सभेला केव्हा यावयाचे? तिच्या जगण्याचा प्रश्न सभेच्या विषयपत्रिकेवर तरी असतो काय? डिसेंबर १९७३ मध्ये अहमदाबादच्या एल. डी. अभियांत्रिकी महाविद्यालयात वसतिगृहाच्या खानावळीचे बिल वाढले, म्हणून मुले चिडली. तो करिअरवाद्यांचा किरकोळ गोंधळ म्हणून हिणवता आला असता. तीच ठिणगी नवनिर्माण आंदोलन झाली आणि फेब्रुवारी १९७४ मध्ये मुख्यमंत्री चिमणभाई पटेलांना राजीनामा द्यावा लागला. फ्रान्समध्ये २००६ साली सव्वीस वर्षांखालील तरुणाला पहिली दोन वर्षे कारण न देता काढून टाकण्याची मुभा देणारा कायदा झाला. विद्यार्थी आणि कामगार संघटना एकत्र रस्त्यावर आल्या आणि सरकारला तो मागे घ्यावा लागला. खानावळीचे बिल काय किंवा पहिल्या नोकरीचा करार काय, रोजच्या जगण्यातील काटा हाच राजकारणाचा आरंभ असतो. तो उचलून धरण्याचे काम पक्षाचे आहे.

‘सर्वांना सरकारी नोकरी देता येणार नाही’ हे उत्तर आता येईल. तशी मागणीही नाही. मागणी चार गोष्टींची आहे, आणि चारही या राज्याच्या परंपरेतच बसणाऱ्या आहेत.

पहिली, शासनाने मंजूर रिक्त पदांची भरती दरवर्षी ठरलेल्या वेळापत्रकाने, कायम तत्त्वावर करावी आणि बेकार उमेदवाराकडून एक रुपयाही परीक्षाशुल्क घेऊ नये. माणूस निवडण्याचा खर्च माणूस घेणाऱ्याने करावा.

दुसरी, जो कोणी काम करून घेतो त्याने किमान वेतन द्यावे, मग कामास प्रशिक्षण म्हणा वा आणखी काही. महाविद्यालयाच्या श्रेयांकांसाठी केलेले कामही याला अपवाद असू नये. सार्वजनिक पैशातून खाजगी कंपनीला फुकट मनुष्यबळ पुरविणे तत्काळ थांबावे.

तिसरी मागणी वांद्र्यापुरती, पण दूरवर पोचणारी आहे. वांद्रे-कुर्ला संकुलाची सुमारे ३७० हेक्टर भूमी मिठी नदीच्या दलदलीतून सार्वजनिक पैशाने उभी राहिली. १९७७ पासून मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण तिचे नियोजन करीत आले आहे, आणि कंपन्यांना तेथील भूखंड ऐंशी वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिले आहेत. जमीनमालक समाज आहे. मग नव्या व नूतनीकरणाच्या पट्ट्यात समाजाची अट का नसावी? त्या इमारतींतील प्रत्येक रिक्त जागा जाहीर व्हावी. पहारा, सफाई आणि निरोप्याची कामे कंत्राटदाराच्या हाती न राहता थेट नेमणुकीने भरली जावीत किंवा मंडळामार्फत व्हावीत. याच राज्याने १९६९ मध्ये माथाडी कामगारांसाठी आणि १९८१ मध्ये खाजगी सुरक्षारक्षकांसाठी कायदे करून, मालक रोज बदलत असला तरी कामगाराला मंडळात नोंद, भविष्य निर्वाह निधी आणि हक्क देता येतात, हे सिद्ध केले आहे. पाठीवर पोते वाहणाऱ्या हमालाला जे मिळू शकले, ते पाठीवर माल वाहणाऱ्या पदवीधराला का मिळू नये?

चौथी मागणी शहरी रोजगार हमीची. वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यातील विसापूर येथे जो प्रयोग केला, त्यातून महाराष्ट्राची रोजगार हमी योजना निघाली. १९७२ च्या दुष्काळाने ती वाढविली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. काम मागणे हा ग्रामीण माणसाचा हक्क ठरला. देशाने त्यावरून २००५ मध्ये धडा गिरवला. तिच्यासाठी पैसा उभा करावयास १९७५ मध्ये व्यवसाय कर बसविण्यात आला. म्हणजे वांद्रे, दादर, फोर्ट येथील पगारदाराने दुष्काळी माणदेशातील मजुराच्या कामाचा भार उचलला. ही समाजवादी विचाराची उत्तम कमाई होती. त्या योजनेतील काम अंगमेहनतीचे होते, मजुरी तुटपुंजी होती, भ्रष्टाचारही झाला. तथापि ‘काम नाही’ असे सांगण्याचा राज्याचा अधिकार तिने काढून घेतला, हे तिचे मोठेपण. शहरासाठी तसे काही करता येणार नाही, हेही खरे नव्हे. केरळने २०१० च्या सुमारास अय्यनकाळींच्या नावाने आणि राजस्थानने २०२२ मध्ये इंदिरा गांधींच्या नावाने शहरी रोजगाराच्या योजना सुरू केल्या. जेथे हमीची कल्पना जन्मली, तो महाराष्ट्र मात्र पदवीधराच्या हातात अकरा महिन्यांचे प्रमाणपत्र ठेवून मोकळा होतो.

कामाचा तुटवडा आहे काय? महापालिकेच्या दवाखान्यांपुढील रांगा पाहाव्यात. बेहरामपाडा आणि भारतनगरातील मुलांसाठी संध्याकाळच्या अभ्यासवर्गांची गरज पाहावी. एकट्या राहणाऱ्या वृद्धांची देखभाल, सरकारी कार्यालयांतील जुने दप्तर, वाचनालये, मिठी नदीचा काठ, हे सारे माणसांची वाट पाहत आहेत. काम आहे आणि माणसेही आहेत. नफा दिसत नाही, म्हणून या दोहोंची गाठ बाजार घालून देत नाही. जी गाठ बाजार घालीत नाही ती घालण्यासाठीच शासन असते. राज्यघटनेच्या ४१ व्या अनुच्छेदाने कामाच्या हक्काची तरतूद करण्याचे राज्याला सांगितले आहे, तेही आर्थिक कुवतीच्या मर्यादेत. कुवतीचे हे कलम मंत्र्यांना नेहमी पाठ असते. बुलेट ट्रेनचे स्थानक याच संकुलाच्या पोटात खोदताना मात्र ते आठवले नाही.

यासाठी कार्यकर्त्यांनी अभ्यासिकांत जावे. तेथे भाषण करू नये. प्रथम हिशेब मांडावा. प्रत्येक मुलाने आणि मुलीने दोन वर्षांत किती शुल्क भरले, किती तास फुकट राबविले गेले, कोणत्या परीक्षेचा निकाल किती महिने लांबला, याची वही करावी. अशा शंभर वह्या एकत्र आल्या की त्यांचा मोर्चा आपोआप होतो, आणि तो थेट जवळच्या जिल्हाधिकारी कार्यालयावर नेता येतो. संकुलातील पहारेकरी, सफाई कामगार आणि माल पोचविणारी मुले यांच्या संघटनेत या तरुणांना आजच सभासद करून घ्यावे. ती उद्याची कामगार नाहीत, कामावर न घेतलेली आजचीच कामगार आहेत. शासकीय कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी मार्च २०२३ मध्ये जुन्या निवृत्तिवेतनासाठी संप केला. आपल्या निवृत्तीनंतर रिकाम्या होणाऱ्या खुर्चीवर कायम माणूस बसावा, ही मागणीही त्याच तडफेने त्यांनी उचलावी. ती खुर्ची कंत्राटदाराला गेली, तर वडिलांचे निवृत्तिवेतन मुलांच्या परीक्षाशुल्कातच खर्ची पडणार आहे.

ज्या दिवशी वसाहतीतील मुलगी ‘माझ्यात काय कमी आहे?’ हे विचारणे सोडून ‘जागा कमी का आहेत आणि कोणी केल्या?’ असे चारचौघांत विचारील, त्या दिवशी तिची खरी तयारी सुरू होईल. तिला त्या प्रश्नापर्यंत एकटीने पोचावे लागू नये, एवढे तरी पक्षाने करावयास हवे.